फ्लॅग पोर्टल: एरवी चोख, शटडाऊनमध्ये ठप्प

अमेरिकेच्या कामगार खात्याचं ‘फ्लॅग’ पोर्टल एरवी उत्तम चालतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीला लागणारा एलसीए, म्हणजे पगार व कामाच्या अटींबाबतचा अर्ज, इथेच भरायचा. फी नाही, निकाल कामाच्या ७ दिवसांत. नवख्या कंपनीचा अर्ज अडतो तो बहुधा कर क्रमांक, म्हणजे एफईआयएन, खात्याकडे पडताळलेला नसल्यामुळे. त्याचे पुरावे आधीच पाठवावेत.

खरी गोची शटडाऊनमध्ये, म्हणजे निधी मंजूर न झाल्यानं सरकारी कामकाज थांबतं तेव्हा होते. आरोग्यविम्याचं अनुदान आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतली कपात यावरून सिनेटमध्ये ६० मतं जमेनात आणि १ ऑक्टोबर २०२५ ला सरकारचा निधी थांबला. व्हिसाचे अर्ज तपासणारं यूएससीआयएस हे खातं मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं, म्हणून ते सुरू राहिलं. कामगार खातं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या तरतुदीवर, म्हणून फ्लॅग थेट ३१ ऑक्टोबरपर्यंत बंद. मंजूर एलसीए नाही, तर आय-१२९, म्हणजे यूएससीआयएसकडे कंपनीनं भरायचा एच-१बीचा अर्ज नाही. नोकरी गेलेल्या एच-१बीधारकांना नवी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला मिळणारे ६० दिवस मात्र सरतच होते. आपल्या कितीतरी मुलामुलींचा संसार त्या ६० दिवसांवर टांगलेला असतो. त्यांच्यासाठी हे फार निर्दय आहे.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, म्हणून शटडाऊनची भीती १ ऑक्टोबरला असते. एलसीए काम सुरू होण्याच्या तारखेआधी ६ महिन्यांपर्यंत भरता येतो, तेव्हा तो सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावा. मंजूर होताच पीडीएफ उतरवून घ्यावी, पोर्टलवर विसंबू नये. शटडाऊनमुळे मुदत हुकलीच, तर आय-१२९ सोबत पोर्टल बंद असल्याचा पुरावा जोडावा. यूएससीआयएस ती असाधारण परिस्थिती म्हणून विचारात घेऊ शकतं. सेवेला ४ तारे, भरवशाला १.