मोकळी डाय की पिलर डाय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या (औद्योगिक वसाहत) पॉवर प्रेसवर वॉशरच्या एकाच कडेला बर (कापताना उरणारी धारदार कड) जास्त येत असेल, तर पंच (वरून पत्रा कापणारा भाग) डायच्या (खालचा भोकाचा साचा) सेंटरला नाही. पंच आणि डायमधला गॅप जिकडं मोठा तिकडं बर मोठा. १ मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याला दर बाजूस साधारण ०.०५ ते ०.०८ मिमी गॅप ठेवतात.

मोकळी डाय (पंच आणि डाय जुळवणारे पिलर, म्हणजे खांब, नसलेली) स्वस्त, पण सेटिंग किचकट. मोटर बंद करायची, फ्लायव्हील हातानं फिरवून पंच डायमध्ये उतरवायचा, चारी बाजूंनी शिम (पातळ पट्टी) घालायची, मगच क्लॅम्पचे बोल्ट आलटूनपालटून आवळायचे. एकच आधी गच्च केला की डाय सरकलीच म्हणून समजा. थोड्या नगांना एवढं चालतं.

रोजच्या लॉटला पिलर डायच घ्यावी; तिची वरची प्लेट खांबांवर सरकते. महाग आहे, पण पटकन बसते. एक पिलर वेगळ्या व्यासाचा ठेवा, वरची प्लेट उलटी बसणार नाही. रॅमच्या (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) गिब (त्याला सरळ धरणाऱ्या पट्ट्या) ढिल्या असतील तर मात्र पिलरही घासून जातात; आधी त्या आवळा.