कच्च्या कल्पनांसाठी अ‍ॅप: तक्ते की दुवे?

टिपणं जमवून त्यांतून लेख उभा करणाऱ्यापुढे हल्ली दोन वाटा असतात. एक, तक्ते मांडून देणारं ऑनलाइन अ‍ॅप. दुसरी, ऑब्सिडियनसारखं, प्रत्येक टिपण साध्या मजकुराच्या फाइलीत आपल्याच फोनवर ठेवणारं. कोकणातल्या कातळशिल्पांवर लिहिताना मी दोन्ही मनापासून वापरली.

तक्ते वाईट नाहीत. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेली कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी ही ठिकाणं तालुका, आकृती, फोटो अशा रकान्यांत लावायला तेच सोयीचं. चौघं मिळून काम करणार असाल तर तेच घ्या.

माझं अडलं ते त्याच्या आधीच. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कोरलेल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. हे पाहून डोक्यात काहीतरी हलतं, आणि अ‍ॅप विचारतं, कुठल्या तक्त्यात? शिल्पांच्या? दगडाच्या? श्रद्धेच्या? मलाच अजून ठाऊक नसतं! ठरवेपर्यंत कल्पना निसटते, नाहीतर भलत्याच खणात जाऊन पडते आणि पुन्हा हाती लागत नाही. तक्ते एकमेकांना जोडता येतात, पण कोणता कशाला हे आधी आखावं लागतं. नुकत्या सुचलेल्या गोष्टीची आखणी कुठून आणायची?

ऑब्सिडियनमध्ये मी ओळ लिहितो आणि ‘जांभा’ (सड्यावरचा तो तांबूस दगड) दुहेरी चौकटी कंसात टाकतो, की त्या नावाच्या टिपणाकडे दुवा तयार होतो. त्या नावाचं टिपण अजून नसलं तरी चालतं. पुढे चिरेखाणीवर किंवा दगडातल्या लोहावर लिहिताना तोच दुवा दिला, की ‘जांभा’ उघडल्यावर बॅकलिंक्समध्ये, म्हणजे त्या टिपणाकडे आलेल्या दुव्यांच्या यादीत, या ओळी होकायंत्राशेजारी येऊन बसतात. लेखाचा धागा मला बहुतेक तिथेच सापडतो.

मराठीत लिहिणाऱ्याला एक अडचण येईल. दुवा न देता नुसतं नाव आलेले उल्लेख ऑब्सिडियन टिपणाच्या नेमक्या नावाने किंवा त्याला दिलेल्या पर्यायी नावानेच शोधतं, त्यामुळे ‘जांभ्यात’ लिहिलेलं ‘जांभा’खाली आपोआप दिसत नाही. दुवा देताना कंसात आधी मूळ नाव, मग उभी रेघ, मग हवं ते रूप, अशी सवय लावावी लागते. फोन आणि संगणकावरची टिपणं जुळवून ठेवणारी ऑब्सिडियनची स्वतःची सेवा विकतची आहे, हेही धरा.

कामाची पद्धत प्रत्येकाची वेगळी. तरी विषय अजून घडायचा असेल तर आधी ऑब्सिडियन लावून बघा, असंच मी म्हणेन. यादी पक्की झाली की तीच टिपणं तक्त्यात नेता येतात. रकान्यांत तुटलेले धागे मात्र एकेक करून हातानेच जोडावे लागतात.