नागपूरच्या बाजारातल्या सात्या: मातीसकट मिळाल्या तरच घ्या

झड थांबली, दोन दिवस दमट उकाडा पडला की नागपुरात सात्या, म्हणजे रानातली खायची अळंबी, येतात. रामटेक, उमरेड, भंडाऱ्याच्या बाजूने टोपल्या येतात आणि गोकुळपेठेत, कॉटन मार्केटच्या आसपास, शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला पळसाच्या पानांवर वाटे मांडले जातात. कुणी त्यांना टेकोडे म्हणतं. आषाढ सरता सरता सुरू होणारा हा माल पोळ्यापर्यंत येतो, तोही रोज नाही. विकणारी मावशी आज या कोपऱ्यावर दिसली म्हणून उद्या तिथेच सापडेल असं नसतं. त्यामुळे हे परीक्षण दुकानाचं नाही, मालाचं आहे.

निकाल आधीच सांगतो. मातीने माखलेल्या, लांब मुळीसकट असलेल्या सात्यांना ५ पैकी ४. धुऊन, बूड छाटून, चिरून प्लॅस्टिकखाली ठेवलेल्या सात्यांना शून्य, मग त्या कितीही ताज्या दिसोत. वाळवलेल्या तुकड्यांनाही शून्यच, कारण वाळल्यावर ओळखायला काही उरत नाही. गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं: स्वच्छ माल उचलतं आणि मातीचा माल बघून भाव पाडतं. पण सात्यांची सगळी कागदपत्रं त्या मातीतच असतात.

सात्या उगवतात उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळातून. उधई लाकूडपाला चावून जमिनीखाली स्पंजासारखी पोळी रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी तो कडक भाग पचवून देते आणि उधई ती खाते. पाऊस मुरला की त्याच पोळीतून छत्री वर निघते. पोळी खोल असते, म्हणून देठ जमिनीखाली निमुळता होत जातो आणि मुळीसारखा लांब उतरतो. हे सगळं उधईशिवाय जमत नाही. म्हणून भाताच्या तणसावर किंवा गव्हाच्या कुटारावर धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घेतात तशी सात्यांची शेती अजून कुणाला साधलेली नाही. ‘आमच्या शेडमधल्या सात्या’ असं कुणी सांगितलं तर तो धिंगरी तरी विकतोय किंवा थाप तरी मारतोय.

टोपलीपुढे बसल्यावर पहिला हात मुळीला घाला. चांगल्या मालाची मुळी भरीव, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती आणि खालपर्यंत मातीने माखलेली असते. खुरप्याने खणून काढलेला माल असाच दिसतो. हाताने उपटलेला माल बुडाशी तुटतो, आणि धोका इथेच आहे. अमानिता नावाच्या अळंब्यांच्या गटात जीवघेण्या जाती आहेत. त्यांच्या देठाच्या बुडाशी अंड्याच्या फुटलेल्या टरफलासारखी वाटी असते. छत्री उपटली की वाटी जमिनीतच राहते आणि वर येतो तो निष्पाप दिसणारा पांढरा देठ. म्हणजे बुडाशी वाटी दिसत नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बूड अख्खं असेल तरच त्या तपासणीला अर्थ आहे. ‘मावशी, मुळासकट आहेत का?’ हा प्रश्न भाव विचारण्याआधी विचारा.

मग टोपी बघा. सात्यांच्या टोपीला मधोमध टोक असतं, बाकी टोपीपेक्षा गडद आणि कडक. माती फोडून वर यायचं हत्यारच ते. टोपीखालच्या पाती, म्हणजे पातळ उभे पापुद्रे, देठाला चिकटलेल्या नसतात; सुरुवातीला पांढऱ्या, मग फिकट गुलाबी होतात. देठावरची बांगडी मात्र विसरा. सात्यांच्या काही जातींना ती असते, काहींना नसते आणि विषारी अमानितालाही असते. कळ्या चवीला सरस, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास नको. प्रत्येक कळी उभी चिरा. अमानिताची कोवळी छत्री अंड्यासारख्या पांढऱ्या वेष्टनात असते आणि चिरल्यावर आत छोट्या छत्रीची आकृती दिसते. सात्यांची कळी भाल्याच्या टोकासारखी, बिनवेष्टनाची.

दुसरा घोटाळा गवतावरच्या मोठ्या पांढऱ्या छत्रीचा. पाऊस पडला की बंगल्यांच्या लॉनवर आणि मैदानांवर ती उगवते. टोपीवर तपकिरी खपले, देठावर वरखाली सरकणारी बांगडी. शास्त्रीय नाव क्लोरोफिलम मॉलिब्डाइट्स. कोवळेपणी पाती पांढऱ्या असल्याने ती सहज खपून जाते. जून झाल्या की पाती हिरवट दिसतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्याजुलाब सुरू होतात. माणूस सहसा वाचतो, पण आडवा होतो. लॉनवरची ‘सात्या’ कुणी फुकट दिली तरी हात जोडा.

बटणाएवढ्या बारीक सात्यांचे ढीग मिळतात, त्यांना आम्ही ५ पैकी २ देतो. खरी बारीक सात्या चवदारच असते, पण ती वारुळाबाहेर पडलेल्या पोळीच्या चुऱ्यावर उगवते आणि तिला लांब मुळी नसते. म्हणजे सगळ्यात मोठी खूणच गेली. त्यात लेपिओटा गटातल्या लहान छत्र्यांमध्ये अमानितासारखंच यकृताचं विष असणाऱ्या जाती आहेत. शेकडो नग एकेक करून कोण बघणार?

घरी आणल्यावर एक काम उरतं, आणि ते टाळलं जातं म्हणूनच इथे लांबण लावतो. एक पूर्ण उघडलेली टोपी देठापासून कापा. अर्धा काळा आणि अर्धा पांढरा कागद जोडून त्यावर पाती खाली करून ठेवा, वर एक थेंब पाणी टाका आणि ग्लास पालथा घाला. सहा ते बारा तासांत बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा पडतो. नुसता पांढरा कागद घेतला तर पांढरा ठसा दिसतच नाही आणि ‘काही पडलं नाही’ असं वाटून लोक पुढे जातात. ठसा पांढरा आला तर सगळा माल फेका. हिरवट आला तर तो लॉनवाला पाहुणा. सात्यांचा ठसा गुलाबीसर असतो. पण एंटोलोमा नावाच्या विषारी गटाचाही ठसा गुलाबीच, म्हणून गुलाबी ठशाने एकट्याने पास करता येत नाही. मुळी, टोक, सुट्या पाती आणि ठसा, चारही जुळायला हवं. एंटोलोमाच्या पाती बहुधा देठाला चिकटलेल्या असतात आणि वारुळात उतरणारी मुळी नसते. सकाळी घेतलेला माल कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला तर संध्याकाळी ठसा बघून भाजी टाकता येते. मात्र एक ठसा एकाच नगाची ग्वाही देतो. बाकीचे नग हातानेच तपासायचे.

चार गुण दिले, पाचवा कापला तो सरमिसळीसाठी. एका टोपलीत दोन-तीन ठिकाणचा माल येतो, आणि नव्वद नग खरे निघाल्याने एक्याण्णवावा खरा ठरत नाही.

आता पारख म्हणून जे सांगितलं जातं त्याबद्दल. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण किंवा तांदूळ रंग बदलणं, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालतं, चिंचेच्या पाण्यात उकळलं की विष उतरतं: यातलं एकही खरं नाही. अमानिताचं विष उकळून, तळून, वाळवून जात नाही आणि अळ्या विषारी छत्रीतही मजेत राहतात. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यात बहुतेक चहाच्या मळ्यांतली माणसं होती. फोनवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपांना आम्ही शून्य देतो. टोपीचा वरून काढलेला फोटो बूड दाखवत नाही, ठसा दाखवत नाही, आणि ॲप मात्र पटकन नाव सांगून मोकळं होतं.

ओळख बरोबर असूनही पोट बिघडतं, त्याचं कारण बहुधा प्लॅस्टिकची पिशवी. सात्यांमध्ये पाणीच जास्त. पिशवीत त्या घामेजतात आणि काही तासांत चिकट होतात. चिकट टोपी, आंबूस वास, देठात अळ्यांची बारीक भुयारं दिसली तर तो नग बाजूला. कापडी पिशवी न्या आणि त्याच दिवशी रांधा.

मुळीची माती सुरीने खरवडा, दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा, मग उभ्या चिरा. कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं, थोडी खसखस आणि बेताचं तिखट पुरतं. जेवढं स्वतःचं पाणी सुटेल तेवढ्यातच झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या; अर्धवट शिजलेली अळंबी पोटाला जड जाते. सावजी मसाल्याचा मारा केला तर बटन मशरूमच्या कैक पट मोजलेले पैसे मसाल्यातच गेले. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-तीन चमचेच खावी. लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नये. सोबत दारूही नको.

स्वतः तोडायला जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या संरक्षित हद्दीतून काहीही उचलणं कायद्याने बंद आहे.

एक अख्खा नग, मुळीसकट, न शिजवता कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. जेवल्यावर सहा ते चोवीस तासांनी उलट्याजुलाब सुरू झाले तर ते सगळ्यात वाईट लक्षण. मधे एखाद दिवस बरं वाटतं आणि आत यकृत निकामी होत असतं. लक्षणं दोन तासांत आली म्हणूनही निर्धास्त राहू नका, कारण ताटात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. घरगुती काढा नको, वाट बघणं नको. १०८ ला फोन करा, ताटात बसलेल्या सगळ्यांना दवाखान्यात न्या, किती वाजता जेवलात ते डॉक्टरांना सांगा आणि फ्रीजमधला तो नग सोबत घ्या.