साइनफेल्ड या अमेरिकन कॉमेडी मालिकेचा 'द चायनीज रेस्टॉरंट' परत बघितला
परवा रात्री जेवताना परत लावला, १९९१ चा एपिसोड आहे आणि अख्ख्या एपिसोडमध्ये घडतं काय तर जेरी, जॉर्ज आणि इलेन टेबलाची वाट बघत उभे, बस. तो मॅनेजर दर वेळी "पाच-दहा मिनिटं" म्हणतो, आपल्याकडच्या "निघालोच" सारखं. इलेन भुकेने एवढी कासावीस की ५० डॉलरच्या पैजेवर अनोळखी लोकांच्या ताटातला एग रोल उचलायला जाते, तिथे तिचं ते दात आवळून हसत पुटपुटणं, अरे ठसकाच लागला मला! जॉर्जचा पे-फोनसाठीचा वैताग मात्र आजच्या पोरांना समजावून सांगावा लागेल. त्यांच्या चौकडीतला चौथा, क्रेमर, नाहीये, जरा चुकल्यासारखं वाटतं. शेवटी वैतागून तिघं बाहेर पडतात आणि लगेच आत जेरीच्या आडनावाचा पुकारा, "साइनफेल्ड!"