इंडक्शन शेगडीवरचे ४०० वॉट म्हणजे नेमके किती?

गुहागर तालुक्यातील आमच्या घरी इंडक्शन शेगडी आली ती गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, आणि तिला कारण पावसाळाच होता. पावसाने जोर धरला की सिलिंडरची गाडी वेळेवर येत नाही आणि पडवीतली लाकडे कितीही झाकली तरी दमटच राहतात. शेगडी एका भांड्याची, २००० वॉटची आणि साधारण अडीच हजार रुपयांची आहे. वर्षभर रोज वापरल्यानंतर तिच्याविषयी, विशेषतः तिच्यावरच्या वॉटच्या आकड्यांविषयी, जे ध्यानात आले ते येथे मांडत आहे. हे आकडे खरेदीच्या वेळी कोणीही समजावून सांगत नाही, आणि स्वयंपाक बिघडतो तो नेमका त्यांच्यामुळेच.

मोठ्या आचेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. २००० वॉटवर एक लिटर पाणी साडेतीन मिनिटांत खळखळते. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यात निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र थेट भांड्याचा बूड तापवते, त्यामुळे गॅससारखी उष्णता आजूबाजूला वाया जात नाही. अर्थात त्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. आमचे जर्मनचे टोप आणि तांब्याची पातेली त्यामुळे फळीवरच राहिली. सकाळची पेज, चहा, डाळ शिजवणे ही सारी कामे तिने उत्तम केली.

खरा प्रश्न मंद आचेचा आहे. बटण दाबत खाली गेले की पडद्यावर ८००, ४००, २०० असे आकडे दिसतात आणि गॅसची ज्योत बारीक करावी तशी आच कमी झाली असावी, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. एके दिवशी घरातली बाकी सर्व उपकरणे बंद करून, शेगडी ४०० वर ठेवून मी पडवीतल्या वीजमीटरसमोर उभा राहिलो. मीटरवरचा लाल दिवा सेकंदाला एकदा या गतीने चारेक सेकंद लुकलुकला आणि मग आठेक सेकंद अगदी गप्प राहिला, पुन्हा तेच. आमच्या मीटरवर युनिटला ३२०० लुकलुकी असे छापलेले आहे. त्या हिशोबाने शेगडी चालू असताना सुमारे ११०० ते १२०० वॉट ओढत होती आणि उरलेला वेळ पूर्ण बंद होती. म्हणजे ४०० हा आकडा सरासरीचा आहे, आचेचा नव्हे. स्वयंपाकघरात कान देऊन ऐकले तरी हे कळते, कारण गुणगुण सुरू होते, थांबते आणि पुन्हा सुरू होते.

पाणी किंवा डाळ यांना या फरकाने काही होत नाही. मे महिन्यात हापूसचा रस आटवायला घेतला तेव्हा मात्र तो फरक चांगलाच जाणवला. रस पातळ होता तोवर सारे ठीक चालले होते. तो दाटू लागल्यावर शेगडी चालू झाली की बुडाशी फटफट बुडबुडे फुटून हातावर चटके बसत आणि ती बंद झाली की रस निवांत बसे. उलथने सतत फिरवत राहूनही मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग धरला. आई म्हणाली, "अरे, हिला मंद म्हणजे काय ते कळतच नाही." मग मध्ये जाड लोखंडी तवा ठेवून पाहिला. त्याने झटके बोथट झाले हे खरे, पण तव्याची उष्णता काचेत उतरून थोड्या वेळाने शेगडी आपोआप बंद पडली, म्हणून तो उपाय मी कोणालाही सुचवणार नाही. जाड बुडाच्या भांड्याने बराच फरक पडतो, आणि नारळाच्या दुधाची आमटी आम्ही आता तशाच भांड्यात करतो. रस मात्र गॅसवरच आटवला.

तापमानाचे बटणही याच जातीचे आहे. तापमापक काचेखाली असल्याने पडद्यावर दिसणारे १२० अंश पदार्थाचे नसतात.

आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब १९० व्होल्टपर्यंत उतरतो, तेव्हा पडद्यावर २००० हाच आकडा असूनही तेच पाणी उकळायला पाच मिनिटे लागतात. साध्या तारेच्या हीटरचे गणित येथे उपयोगी पडते: त्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले की ती जेमतेम दोन तृतीयांश उरते. काही शेगड्या ही घट आतल्या आत भरून काढतात. आमची काढत नाही.

एक गोष्ट जुन्या घरांतल्या मंडळींनी आधीच पाहून घ्यावी. २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, आणि आपल्या भिंतीवरचे नेहमीचे सॉकेट ६ अँपिअरचे असते. पहिल्या आठवड्यात आम्ही जोडवायर लावून काम भागवले, तेव्हा तिचा प्लग हात लावणार नाही इतका तापला होता. वायरमनकडून १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट आणि जाड वायर बसवून घेतल्यावर तो त्रास थांबला. त्याची मजुरी शेगडीच्या किमतीतच धरावी.