मेपलची ३३ इंची बेसबॉल बॅट: पुण्यात घ्यावी का?

अमेरिकी बेसबॉलपटू बॅरी बाँड्सने २००१ च्या मोसमात ७३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) ठोकले ते मेपल लाकडाच्या बॅटने. कारकिर्दीत ७६२. हा डावा आउटफिल्डर (मैदानाच्या डाव्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) गाजला आणि अ‍ॅश या दुसऱ्या लाकडाच्या बॅटी हळूहळू मागे पडल्या. पुण्यात मात्र डेक्कन-कॅम्पातल्या दुकानांत 'बेसबॉल बॅट' मागितली की बहुतेकदा गाडीत ठेवायचा दंडुका पुढे येतो, चेंडू मारायचा नव्हे.

ही बॅट तशी नाही. ३३ इंच, ३० औंस, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. मूठ बारीक, वजन टोकाकडे, त्यामुळे उंच फटक्याला मस्त. मनगट कच्चं असेल तर ३२ इंची घ्या.

घेताना मुठीपासूनच्या लाकडाच्या रेषा बघा. त्या सरळ वर जायला हव्यात, तिरक्या गेल्या की तिथूनच बॅट तुटणार. अ‍ॅशचे पापुद्रे सुटतात, तेव्हा आधी कळतं. मेपल मात्र बिनबोभाट फुटतो, आणि तुकडा उडतो. फटका मारताना छापलेला शिक्का आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवा. शिक्का कमजोर बाजूवर असतो. चेंडू तिथे बसला की बॅट गेलीच.

क्रिकेटच्या चेंडूवर अजिबात वापरू नका. तो १५६ ते १६३ ग्रॅम, बेसबॉल १४२ ते १४९, शिवाय क्रिकेटचा जास्त टणक. जुलै-ऑगस्टच्या ओलीत लाकूड पाणी धरतं आणि बॅट जड लागते, म्हणून गॅलरीत नको, कपाटात उभी ठेवा.

सरावाला पूर्ण गुण. रोज चेंडू टाकणाऱ्या यंत्रावर बडवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या.