दोन पर्याय एकमेकांना छेदतात तेव्हा: मुकाट राहावं, सांगावं की थांबावं?

प्रोग्रामचा वेग मोजणारं टूल किंवा त्याची स्क्रिप्ट लिहायला बसलात, तर एक गोष्ट आधीच ठरवा. वापरणाऱ्याने न जुळणारे दोन पर्याय एकदम दिले, तर काय करायचं? वाटा तीन आहेत आणि लिनक्सच्या ‘पर्फ’ या वेग मोजणाऱ्या टूलमध्ये तिन्ही सापडल्या आहेत.

पहिली, एकाला मुकाट्याने मान द्यायचा. ‘पर्फ रेकॉर्ड’ चालत्या प्रोग्रामचे नमुने, म्हणजे तो त्या क्षणी काय करतोय याच्या नोंदी, घेतं. त्याला ‘-एफ’ने सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते सांगतात, ‘-सी’ने प्रोसेसरच्या ठोक्यांसारख्या किती घटनांमागे एक नमुना घ्यायचा ते. ‘पर्फ’च्या जुन्या आवृत्त्यांत दोन्ही दिले तर ‘-सी’ चालायचा, ‘-एफ’ गळायचा आणि पडद्यावर एक अक्षर उमटायचं नाही. मागच्या हंगामात वणीकडच्या एका जिनिंगमध्ये अशाच जुन्या आवृत्तीच्या संगणकावर काट्याची पावती छापणारा प्रोग्राम रखडत होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, मुनीमजी सारखे विचारत, “काऊन अडकला जी काटा?” रात्री ‘-एफ ९९’ लावून मी घरी गेलो. जुन्या स्क्रिप्टमध्ये आधीपासून ‘-सी १०००००’ होतं, म्हणजे प्रोसेसरच्या दर लाख ठोक्यांना एक नमुना. तीन गिगाहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोक्यांनी, पूर्ण राबणाऱ्या प्रोसेसरच्या कोअरवर ते सेकंदाला ३०,००० च्या घरात जातं, आणि कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं हे शोधायच्या ‘ड्वार्फ’ पद्धतीत प्रत्येक नमुन्यासोबत स्टॅकचे, म्हणजे त्या बोलावण्यांची नोंद असलेल्या मेमरीचे, ८,१९२ बाइट. सकाळी डिस्क गच्च भरलेली, पावत्या बंद, शेतकरी थंडीत गाड्यांपाशी उभे.

याचं कारण त्या जुन्या कोडमध्ये दिसतं. काही न सांगता ‘पर्फ’ सेकंदाला ४,००० नमुने धरतो, आणि ‘-सी’ने हा ठरीव आकडा बाजूला सारावा हे रास्तच आहे. पण त्याच तपासणीत माणसाने हाताने दिलेला ‘-एफ’ही वाहून जायचा. म्हणून टूलचा स्वतःचा आकडा आणि वापरणाऱ्याने दिलेला आकडा वेगवेगळ्या जागी ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

एकच पर्याय दोनदा आला, तर मात्र शेवटचा धरणंच सोयीचं. स्क्रिप्टमध्ये ‘-एफ ९९’ असेल आणि मी शेवटी ‘-एफ ९९९’ जोडला, तर मला काय हवंय ते उघड आहे.

दुसरी वाट सूचना देऊन पुढे जाण्याची. ‘-ए’ने सगळी यंत्रणा मागितली आणि ‘-पी’ने एकच प्रोसेस, तर ‘पर्फ’ प्रोसेस धरतो आणि तसं सांगतो. समोर माणूस बसलेला असेल तर हे पुरतं. रात्री ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉनमध्ये ती ओळ लॉगमध्ये पडून राहते.

तिसरी, थांबायचं. घटनांची नुसती मोजणी करणाऱ्या ‘पर्फ स्टॅट’ला निकाल फाइलमध्ये टाकायला ‘आउटपुट’ आणि आधीच उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावर (डिस्क्रिप्टरवर) टाकायला ‘लॉग-एफडी’ दोन्ही दिले, तर तो दोन्हींची नावं घेऊन काम नाकारतो. जुन्या स्क्रिप्टा यामुळे मोडतील, हे खरं. पण त्या पहिल्याच सेकंदाला मोडतात, तुम्ही अजून खुर्चीत असता तेव्हा. मोजमापाच्या टूलला मी हीच वाट निवडेन, कारण चुकीचं माप दिसायला बरोबर मापासारखंच असतं.

मात्र नुसतं ‘चुकीचा पर्याय’ म्हणून थांबू नका. जिनिंगमधली स्क्रिप्ट आता असं छापते: “‘-एफ ९९’ आणि ‘-सी १०००००’ दोन्ही आले आहेत. ‘-सी’ याच फाइलच्या चौथ्या ओळीत आहे. एक काढा.”